उत्तरसूचीत नसलेलं एकतीस

रविवारी संध्याकाळी इंदिरानगरच्या आमच्या सोसायटीत, पार्किंगच्या कडेला जी मोकळी फरशी आहे तिथे पाच-सात मुलं माझ्याभोवती जमतात. पाचवी ते आठवीतली. खडू घेऊन फरशीवरच काम चालतं. काही महिन्यांपूर्वी मी त्यांना एक मोठं वर्तुळ काढायला लावलं. त्याच्या कडेवर एक बिंदू घेतला, तेव्हा वर्तुळाचा भाग एकच. दोन बिंदू घेऊन जोडले, दोन भाग झाले. तीन बिंदू घेऊन प्रत्येक बिंदू इतर प्रत्येकाशी जोडला, चार झाले. चार बिंदूंचे आठ, पाचांचे सोळा. सहाव्या बिंदूला खडू लागायच्या आतच सगळी ओरडली, "बत्तीस!" मी म्हटलं, मोजा.

मोजले तर एका मुलाचे तीस आले आणि एका मुलीचे एकतीस. बत्तीस कुणाचेच आले नाहीत. मग भांडण सुरू झालं. तू मोजायला चुकलास, तू एक भाग दोनदा धरलास. दोघांनी एकमेकांच्या आकृत्या मोजल्या, प्रत्येक भागात आकडा लिहिला, तरी तीस ते तीस आणि एकतीस ते एकतीस. दिवेलागण झाली, वरच्या गॅलरीतून हाका सुरू झाल्या, कुणी हलेना. शेवटी तिसरंच एक पोर दोन्ही आकृत्यांच्या मधे उकिडवं बसलं आणि म्हणालं, "याच्यात मधे तिन्ही रेषा एकाच ठिकाणी मिळाल्यात, हिच्यात नाही मिळाल्या." मुलाने सहा बिंदू अगदी सारख्या अंतरावर, नेटके घेतले होते, त्यामुळे समोरासमोरचे बिंदू जोडणाऱ्या तीन रेषा केंद्रातच एकमेकींना भेटत होत्या. मुलीची आकृती वेडीवाकडी होती आणि तिच्यात मधोमध तांदळाच्या दाण्याएवढा एक त्रिकोण उरला होता. तोच एकतिसावा भाग. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं गेली असतील. मी एक शब्दही बोलले नव्हते.

दोन-तीन आठवड्यांनी तीच मुलगी तिच्या सराव परीक्षेचा पेपर घेऊन आली. बुद्धिमत्तेच्या भागात संख्यामाला होती: १, २, ४, ८, १६ आणि पुढे रिकामी जागा. तिने ३१ लिहिलं होतं. त्यावर लाल फुली. तिने विचारलं होतं, तर उत्तरसूचीत ३२ आहे आणि असले उद्योग परीक्षेत करायचे नाहीत, असं तिला सांगण्यात आलं. तिने मला एवढंच विचारलं, "काकू, मी चुकले का?"

ती चुकली नव्हती. दर वेळी दुप्पट करायचं या नियमाने ३२ येतात आणि वर्तुळाचे भाग मोजायचे या नियमाने ३१. दोन्ही नियम पहिले पाच आकडे चोख देतात. याहून लहान उदाहरण हवं तर २, ४, ८ घ्या. पुढे १६ म्हणता येतं आणि १४ही म्हणता येतं, कारण आधी २ वाढले, मग ४, आता ६ वाढतील. चार-पाच आकडे दाखवून पुढचा विचारायचा आणि त्याचं एकच उत्तर खरं मानायचं, यात मुलाच्या तर्काची परीक्षा होतच नाही. प्रश्न काढणाऱ्याच्या मनात काय होतं ते त्याने ओळखावं, एवढीच अपेक्षा असते. हा मनकवडेपणा आहे. त्याला आपण बुद्धिमत्ता चाचणी म्हणतो.

तेव्हापासून ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही, कारण हे नाशिकमध्ये घडलं. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर ज्या गावात शाळेत शिकवत होते, त्या गावात.

कापरेकरांचा जन्म १९०५ सालचा, डहाणूचा. शिक्षण फर्ग्युसनमध्ये झालं, १९२७ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. त्यापुढे पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठातली नोकरी नाही. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं ते नाशिकमध्ये शाळामास्तर होते, आणि देवळालीला १९८६ मध्ये वारले. या काळात ते आकड्यांशी खेळत राहिले. खेळत हा शब्द मी जाणून वापरते आहे. आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांना त्यांचं काम किरकोळ वाटलं, त्यांनी पदरमोड करून पुस्तिका छापल्या. पुढे १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मासिकातल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला त्यांचं नाव कळलं.

त्यांचा सगळ्यात प्रसिद्ध शोध १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी मांडला. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने, आणि मोठ्यातून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. सिंहस्थाचं साल म्हणून २०२७ घेऊ. ७२२० वजा ०२२७ म्हणजे ६९९३. मग ९९६३ वजा ३६९९, ६२६४. मग ६६४२ वजा २४६६, ४१७६. मग ७६४१ वजा १४६७, ६१७४. आता पुढे कितीही वेळा करा, ६१७४च येत राहतात. कोणत्याही संख्येला तिथे पोहोचायला सातपेक्षा जास्त पायऱ्या लागत नाहीत.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांनी मोबाईलवर कधी ना कधी वाचलेली असते. "अद्भुत!" म्हणून पुढे पाठवलेलीही असते. गणित सुरू होतं ते त्यानंतर, "असं का?" विचारल्यावर, आणि तिथे मात्र आपण थांबतो. म्हणून मुलांना मी ६१७४ आधी दाखवत नाही. तीन अंकी संख्येवर हेच करायला सांगते. तिथे सगळ्या वाटा ४९५ला जातात, आणि हे का होतं ते सहावीतलं पोर स्वतःच्या हाताने शेवटपर्यंत सिद्ध करू शकतं. ते आमच्या फरशीवर कसं झालं ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

पहिल्या दहा मिनिटांत सगळ्यांना ४९५ मिळाले आणि जादू म्हणून टाळ्या झाल्या. मग एका मुलीने सगळ्यांची उत्तरं एकाखाली एक लिहून काढली: १९८, ६९३, ७९२, ५९४, ८९१. ती म्हणाली, "मधे नेहमी नऊच का येतात?" थोड्या वेळाने दुसरा म्हणाला, "आणि कडेच्या दोघांची बेरीजही नऊच आहे." मग खूप वेळ काहीच नाही. अशा वेळी बोलायचा मोह आवरणं मोठ्यांना फार जड जातं, हे मी अनुभवाने सांगते. अखेर त्यांच्या ध्यानात आलं की मधला अंक दोन्ही संख्यांत दशकस्थानीच बसतो आणि वजाबाकीत नाहीसा होतो. उरतो तो सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान अंकातला फरक, आणि उत्तर म्हणजे त्या फरकाची ९९ पट. फरक १ ते ९ एवढाच असू शकतो. म्हणजे सुरुवात कुठूनही करा, पहिल्या पायरीनंतर नऊच घरं उरतात: ९९, १९८, २९७, असं करत ८९१. आता ही नऊ घरं एकेक करून तपासायची. ९९ (म्हणजे ०९९) वरून ८९१, तिथून ७९२, मग ६९३, मग ५९४, मग ४९५. राहिलेल्या १९८, २९७ आणि ३९६ मध्ये अंक तेच, फक्त उलटे, म्हणून तीही याच वाटेला लागतात. झालं. एकही संख्या सुटली नाही. ज्या मुलांना गणित आवडत नाही असं घरचे सांगतात, त्यांच्यापैकी दोघं त्या दिवशी तिथे होती. वजाबाकीपलीकडे काहीही न वापरता त्यांनी तीन अंकी सगळ्या संख्यांबद्दलचं एक सत्य पूर्ण सिद्ध केलं होतं.

चार अंकांचंही असंच आहे, घरं फक्त जास्त आहेत. अंक उतरत्या क्रमाने लावले की उत्तर म्हणजे पहिल्या आणि चौथ्या अंकातल्या फरकाची ९९९ पट, अधिक मधल्या दोघांतल्या फरकाची ९० पट. फरकांच्या अशा जोड्या चोपन्नच होतात. जवळपास नऊ हजार संख्या पहिल्याच वजाबाकीत चोपन्न दारांतून आत येतात. जोडी सहा आणि दोनची घेतली तर ५९९४ अधिक १८०, म्हणजे ६१७४. एवढं कळलं की जादू संपते आणि तिच्या जागी जे येतं ते मला जादूहून मोठं वाटतं.

मराठीत कोडं सोडवण्याआधी काय काय होतं ते पाहा. कोडं कुणीतरी घालतं. ते आपल्याला पडतं. मग ते सुटतं, किंवा उलगडतं. या सगळ्या क्रियापदांत वेळ आहे. पडलेलं कोडं घेऊन माणूस विहिरीवर जाई, शेतात जाई, अंथरुणावर पडे. माझी आजी घालायची ते कोडं पुष्कळ घरांत ठाऊक असेल. हंसांचा थवा चालला होता. खालून एकाने विचारलं, शंभर आहात का? पुढचा हंस म्हणाला, आम्ही, आमच्याइतके आणखी, आमच्या निम्मे, निम्म्याचे निम्मे आणि तू एक, असे मिळून शंभर. आजीला समीकरण माहीत नव्हतं. पावकी-निमकी तोंडपाठ होती, तिच्या जोरावर ती उत्तर पडताळून पाही. आम्ही कितीही गयावया केली तरी दोन-दोन दिवस ती उत्तर सांगत नसे. "हरलात का?" विचारायची. "नाही" म्हटलं की कामाला लागायची.

आता शिष्यवृत्ती परीक्षेचा पेपर समोर ठेवा. ७५ प्रश्न, दीड तास. एका प्रश्नाला ७२ सेकंद. त्यातच वाचायचं, विचार करायचा आणि गोल काळा करायचा. तेवढ्यात कुणाला कोडं पडूच शकत नाही, म्हणून क्लासमध्ये ते आधीच पाडून, सोडवून, बांधून दिलं जातं. ट्रिक क्रमांक अमुक, प्रकार तमुक. आरशातलं घड्याळ दिसलं की ११ तास ६० मिनिटांतून वजा कर. का, ते विचारू नकोस. कॉलेज रोड, गंगापूर रोड, कॅनडा कॉर्नर, कुठेही जा, शिकवण्यांच्या पाट्यांवर वेगाचीच हमी दिसते. मुलं त्यात तरबेज होतात, हे खरं आहे. पण पहिल्यांदाच समोर आलेला, ओळखीच्या कोणत्याच प्रकारात न बसणारा प्रश्न दिला की त्यातली अनेक मुलं पेन खाली ठेवतात. "हा प्रकार आम्हाला झालेला नाही." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते ऐकलं की पोटात तुटतं.

भास्कराचार्यांची आठवण इथे येते, कारण ते लांबचे नाहीत. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला. त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे, आपल्या जिल्ह्याच्या शिवेपलीकडे. ११५० च्या सुमारास लिहिलेल्या लीलावतीत भुंग्यांचं एक गणित आहे. थव्याच्या निम्म्याचं वर्गमूळ काढलं तर जितके येतील तितके भुंगे मालतीकडे गेले, सबंध थव्याचा आठ-नवमांश भागही तिकडेच गेला. उरली एक जोडी. सुगंधाने ओढला गेलेला भुंगा रात्री मिटलेल्या कमळात अडकून गुणगुणतोय आणि बाहेरून भुंगी त्याला साद देतेय. तर प्रिये, भुंगे एकूण किती ते सांग. गणित विचारताना इतकं आर्जव आहे, इतका रमलेपणा आहे. घड्याळ कुठेच नाही. उत्तर मी लिहीत नाही, पण या लेखात ते एका भलत्याच कामासाठी येऊन गेलं आहे.

माझ्या या बोलण्यावर एक आक्षेप असा येतो की तो मी झटकून टाकू शकत नाही. एका शिक्षकांनी मला सुनावलं, "ताई, तुमच्या सोसायटीतल्या मुलांना फरशीवर पाऊण तास बसायची चैन परवडते. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावरच्या मुलाला शिष्यवृत्ती मिळाली, नवोदयला नंबर लागला, तर त्याचं आयुष्य बदलतं. त्याला मी ट्रिक शिकवणारच." ते बरोबर आहेत. त्यांच्या जागी मीही शिकवीन. स्पर्धा आहे तोवर तिची तयारी लागेल, आणि ज्याच्याकडे दुसरी शिडी नाही त्याच्याकडून आहे ती काढून घ्यायचा मला अधिकार नाही. पण त्याच मुलाचा विचार करून सांगते, नवोदयला गेल्यावर पुढे काय? अकरावी-बारावीला, अभियांत्रिकीला, कारखान्यात, शेतीत त्याच्यासमोर येणाऱ्या प्रश्नांना प्रकार क्रमांक नसतो. शहरातल्या मुलाला अडलं की विचारायला घरात कुणीतरी असतं. पाड्यावरच्या मुलाजवळ स्वतःचं डोकं आणि त्यावरचा भरवसा एवढंच असतं. तो भरवसा कमावण्याची संधी त्याला सगळ्यात आधी मिळायला हवी. आणि खडू, फरशी आणि वजाबाकी ही काही चैनीची सामग्री नव्हे. कापरेकरांकडेही याहून फारसं काही नव्हतं.

कोड्यांचा व्यवहारात उपयोग काय, असंही विचारतात. निफाडकडच्या एका नातेवाइकांच्या ओट्यावर द्राक्षांच्या हंगामात मी एकदा विचारलं होतं. शंभर किलो द्राक्षं आहेत, त्यात ८० टक्के पाणी आहे. बेदाण्यासाठी सुकत घातली. काही दिवसांनी पाणी ६० टक्क्यांवर आलं. आता वजन किती? सगळे म्हणाले, ऐंशी किलो. द्राक्षांत आयुष्य गेलेली माणसं ती. उत्तर पन्नास आहे. पाणी सोडून जो वीस किलो गर आणि साल आहे, ते कुठे जात नाही. आधी ते वजनाचा पाचवा हिस्सा होते, आता दोन पंचमांश झाले, म्हणजे एकूण वजन निम्म्यावर आलं. पटायला अर्धा तास लागला, एकाने तराजूच आणू म्हटलं. मग त्यातलेच एक काका हळूच म्हणाले, "म्हणजे टक्का सांगितला की आधी विचारायचं, कशाचा?" कर्जाच्या व्याजात, पीकविम्याच्या भरपाईत, दुकानातल्या सवलतीत, निवडणुकीच्या भाषणात हाच प्रश्न विचारायचा राहून जातो आणि माणसं फसतात.

मोबाईलवर "फक्त एक टक्का लोकांनाच जमेल" म्हणून येणारी केळी-नारळांची गणितं मी यात धरत नाही. त्यातली बरीचशी कंस न घालता लिहिलेल्या संदिग्ध मांडणीवर उभी असतात आणि लोकांना आपापसांत भांडायला लावतात. आमच्या फरशीवरच्या तीस-एकतीसच्या भांडणात शेवटी दोघांनाही कळलं की दोघंही बरोबर आहेत आणि का. मोबाईलवरच्या त्या भांडणांतून कुणाला काहीच कळत नाही.

तर मागणं काय? शाळांनी आठवड्यातली एक तासिका एका कोड्याला द्यावी. एकाच. गुण नाहीत, घड्याळ नाही, उत्तर त्या दिवशी निघालं नाही तर पुढच्या आठवड्यापर्यंत तसंच राहू द्यावं. शिक्षकांवर आधीच अभ्यासक्रम, कागदपत्रं आणि निवडणुकीची कामं लादलेली आहेत, ते मला दिसतं. म्हणूनच एक तासिका म्हणते, नवा विषय नव्हे. शाळांच्या सराव परीक्षांत संख्यामाला विचारायची असेल तर खाली "तुमचा नियम एका ओळीत लिहा" अशी जागा ठेवावी, आणि नियम लागू पडत असेल तर उत्तरसूचीत नसलेल्या उत्तरालाही पूर्ण गुण द्यावेत. तपासायला वेळ लागेल. लागू दे.

आणि शहराने कोडी भिंतीवर आणावीत. १८४० पासून चालत आलेलं सार्वजनिक वाचनालय या गावात आहे, त्र्यंबक रोडला महापालिकेचं तारांगण आहे. तिथे एकेक फळा लावता येईल, ज्यावर दर सोमवारी एक कोडं लिहिलं जाईल आणि उत्तर कधीच लिहिलं जाणार नाही. देवळाली स्टेशनच्या फलाटावर तर तो हवाच. कापरेकरांना त्यांच्या एका संख्यासमूहाची कल्पना जुन्या जीआयपी रेल्वेच्या एका स्टेशनावर सुचली होती, म्हणून त्यांनी त्या संख्यांना स्टेशनाचंच नाव दिलं, डेमलो. १, १२१, १२३२१ या त्या संख्या. गाडीची वाट बघत उभ्या असलेल्या माणसाला अजूनही असं काही सुचू शकतं, पण त्याच्या नजरेसमोर फळ्यावर काहीतरी असायला हवं. पहिल्या सोमवारी त्यावर हे लिहावं असं मला वाटतं: १५ मध्ये त्याचेच अंक मिळवले की २१ होतात. म्हणजे २१ला जन्म देणारी संख्या सापडली. २०ला अशी कोणतीच संख्या जन्म देत नाही. कापरेकर अशा संख्येला स्वयंभू म्हणत. २० नंतरची स्वयंभू संख्या कोणती?

ज्या मुलीच्या पेपरवर फुली आली, तिला मी सांगितलं की तू चुकली नाहीस. पुढच्या वेळी मात्र ३१ लिहून शेजारी वर्तुळ काढ, असंही सांगितलं. ती म्हणाली, जागाच नसते.

गेल्या रविवारी तिने आणि त्या तीसवाल्या मुलाने पाच अंकी संख्या घेतल्या. तीन अंकांना ४९५, चार अंकांना ६१७४, तर पाच अंकांनाही एक घर असणार, असं म्हणून दोघांनी वेगवेगळ्या संख्यांनी सुरुवात केली. तासाभराने मुलाची दोन पानं भरली होती आणि एकही संख्या जागेवर थांबत नव्हती. ती त्याच्या पानांवरून बोट फिरवत राहिली, मग वरच्या एका ओळीशी थांबली, पुन्हा खाली आली. "७१९७३," ती म्हणाली, "हा आकडा इथे आधी येऊन गेलाय." दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी खडूचा नवा तुकडा काढून दिला.